काढायची राहिलेली फळी

४ फेब्रुवारी

मामा,

तुम्हाला एक नमस्कार आणि मामीला दोन. हे पत्र तीच वाचून दाखवणार आणि तुमच्या मधल्या मधल्या प्रश्नांनी वैतागणार, म्हणून तिला जास्तीचा. फोन करणार होते, पण फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता. त्यापेक्षा कागद बरा.

बातमी अशी की ऑफिसने मला मोठ्या घराची तपासणी दिली आहे. हो, तेच. तुम्ही विशीत चार वर्षं जिथे घरचे सुतार होता ते. लहानपणी तुमच्या कारखान्यात भुशात बसून मी त्या घराच्या इतक्या गोष्टी ऐकल्यात की फाइलवर पत्ता वाचला आणि खुर्चीतून उठूनच उभी राहिले. आता तिथे कुणी राहत नाही. जुन्या बाईसाहेबांच्या नात्यातला कुणी दूरदेशी असतो, तो मालक. त्याला एवढंच हवंय की इमारत तपासनीसाने, म्हणजे तुमच्या भाचीने, सांगावं: ठेवायची की पाडायची. अठरा तारखेला जाते आहे. काय काय बघू ते कळवा.

जाता जाता एक गंमत. माझ्या शाळेच्या दिवसांतल्या टेबलाच्या पायाखालची तुमची पाचर परवा साफसफाईत उलटी केली. खाली तुमच्या पेन्सिलीतलं अक्षर: "परीक्षा झाली की काढणे." परीक्षा होऊन वीस वर्षं झाली. पाचर तिथेच आहे आणि टेबल डुगडुगत नाही.

तुमची
फुटपट्टी


११ फेब्रुवारी

चि. फुटपट्टीस,

अक्षर मोठं काढतो आहे, कारण डोळ्यांवरचा पडदा आता बारीक काही दाखवत नाही. सही करायला अर्धं पान लागतं. मामी म्हणते, मंत्री झालात.

पाचरीचं वाचून लाज वाटली. तुझी नाही, माझी. तात्पुरत्या कामावर काढायची वेळ लिहून ठेवायची, ही आमच्या उस्तादांची शिकवण. ते म्हणायचे, वेळ घातली नाही तर तात्पुरतं काम घरजावई होऊन बसतं. मी प्रत्येक टेकूच्या, पाचरीच्या, फळीच्या मागच्या बाजूला लिहीत आलो. पण लिहून काय, ज्याने काढायचं त्यानेही परत यायला हवं.

आता काय बघायचं ते. पहिलं, मोठ्या दिवाणखान्यातला जिना. कठडा माझ्या हातचा आहे. वरून खालपर्यंत हात फिरव. दुसरं, बागेतलं काचघर. त्याच्या चौकटी मी बदलल्या होत्या. तिसरं, गाण्याच्या खोलीची दारं नीट मिटतात का. मिटायला हवीत, मिटताना एक श्वास सोडल्यासारखा आवाज व्हायचा.

आणि जमलं तर पूर्वेच्या कोपऱ्यातली वरची खोली बघ. तिच्यावरचं छप्पर कसं आहे ते. विशेष काही नाही, सहज विचारलं.

सावकाश जा. जुन्या घरात पाय भिंतीच्या कडेने टाकावा, मधोमध नाही.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

जाऊन आले. घर थकलंय, पण उभं आहे, जरा तुमच्यासारखंच. फाटकापासून घरापर्यंतची झाडं इतकी माजलीत की गाडी बाहेर ठेवून चालत जावं लागलं. तळ्यात शेवाळ आहे. एक राखणदार आहे, त्याने माझ्याकडे असं पाहिलं की घर उचलून पिशवीतून नेणार आहे मी.

जिना बघितला. काय काम केलंय तुम्ही! कठड्यावर वरपासून खालपर्यंत हात फिरवला, कुठे म्हणून अडला नाही. लोणी. काचघराच्या काही काचा गेल्यात, चौकटी ठीक. गाण्याच्या खोलीची दारं मिटतात, आणि हो, श्वास सोडल्यासारखा आवाज येतो.

पूर्वेकडे जायला वेळ झाला नाही. पुढच्या वेळी बघते. तुम्ही काळजी करू नका, डोळ्यांत औषध वेळेवर घाला.

तुमची
फुटपट्टी


२६ फेब्रुवारी

चि. फुटपट्टीस,

लहानपणी तू खोटं बोललीस की नाक खाजवायचीस. पत्रात नाक दिसत नाही, पण कठडा दिसतो.

जिना दोनदा वळतो. दुसऱ्या वळणावर कठड्याच्या खालच्या अंगाला मी मुद्दाम एक खाच ठेवली होती, अंगठा मावेल एवढी. घरात नऊ वर्षांची एक मुलगी होती, बाईसाहेबांची एकुलती एक, आम्ही सगळे तिला धाकटी म्हणायचो. जिना उतरताना ती अंगठा त्या खाचेत अडकवून थांबायची, वर बघायची आणि मग उरलेल्या पायऱ्या एका दमात उतरायची. मी ती खाच तिच्या मापाने कोरली होती. तिथे हात अडतोच. जिच्या हाताला काही अडलं नाही तिने एक तर हात फिरवला नाही, नाही तर फिरवायला कठडाच नव्हता.

बाळा, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. माझ्या समोर कितीतरी लाकडं सडली, माणसंही गेली. मला समजूत नको. मालकाला जे लिहिशील तेच मला लिही. पूर्वेच्या खोलीचंही.

मामा


७ मार्च

मामा,

चुकले. तुमच्या डोळ्यांचं मामीने सांगितलं होतं, म्हणून वाटलं, निदान मनात तरी घर धड असू दे. आता खरं लिहिते, अहवालात लिहिते तसं.

कठडा नाही. जिन्याचा वरचा भाग आहे, दुसऱ्या वळणाच्या खाली काही नाही. पायऱ्या कुणीतरी जळणाला नेल्या. राखणदार म्हणतो, थंडी कडक होती, आणि हे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. काचघराचा नुसता सांगाडा उरलाय आणि आतून एक झाड वर निघून गेलंय. गाण्याच्या खोलीत राखणदाराच्या कोंबड्या आहेत. दारं मिटत नाहीत, कारण एकच दार आहे आणि ते पालथं घालून त्यावर तो दाणे टाकतो.

पूर्वेचा भाग सगळ्यात वाईट. ज्या खोलीचं तुम्ही विचारलंत तिच्या दाराला अजून कुलूप आहे, पण शेजारची भिंत पडलीय, म्हणून मी बाजूने आत गेले. छताचा अर्धा भाग खाली आहे. एक लहान मुलाचा पलंग, त्यावर छताची माती. एक लहान खुर्ची, चामड्याची बैठक एका बाजूने सुटून लोंबत होती. कपाटात काही नाही.

या सगळ्याचं कारण मला सापडलं, मामा. घर म्हातारपणाने नाही पडलं. दोन छपरांच्या मधल्या खाचेतलं पाणी वाहून न्यायला शिशाच्या पत्र्याची पन्हळ आहे, ती माळ्यावरून या खोलीच्या बरोबर डोक्यावरून जाते. शिडी लावून वर चढले. पन्हळीत कुणीतरी कांबळं पसरून वर फळ्या ठोकल्यात! कांबळं कुजून लगदा झालं, त्यात पाला अडकला, पाणी तुंबलं आणि भिंतीत शिरलं. आधी ही खोली, मग शेजारची, मग तुळया, मग जिन्याची भिंत. एवढं मोठं घर एका पन्हळीने खाल्लं.

ज्याने कुणी हे केलं त्याने स्वतःला सुतार म्हणवून घेऊ नये. पाणी वाहायच्या वाटेवर कोण शहाणा फळी ठोकतो? तुम्ही तिथे असता तर त्या मूर्खाचा कान धरून त्याला घराबाहेर काढलं असतं.

मी 'पाडावी' असं लिहिणार आहे. दुसरं काही लिहिता येत नाही. माफ करा.

तुमची
फुटपट्टी


२५ मार्च

अगं पोरी,

मामी लिहिते आहे. काय लिहिलं होतंस तू? गेलं पत्र यांनी मला वाचू दिलं नाही. भिंग घेऊन खिडकीशी बसून एकेक शब्द करत स्वतःच वाचलं. सकाळपासून जेवणाच्या वेळेपर्यंत बसले होते. मग घडी करून खिशात ठेवलं, ते अजून खिशातच आहे, सदरा धुवायलाही देत नाहीत.

तेव्हापासून दोन घासांवर तिसरा घेत नाहीत. परवा हत्यारांची पेटी उघडली, रंधा आणि पटाश्या शेजारच्या गल्लीतल्या सुताराला देऊन आले. पन्नास वर्षं त्या रंध्याला मी हात लावला की ओरडायचे. विचारलं तर म्हणाले, "मला ते ठेवायचा अधिकार नाही."

मध्ये दोन दिवस पाऊस झाला. पाऊस आला की सगळ्या खिडक्या लावून घ्यायच्या हे यांचं खूळ लग्नापासूनचं आहे. पण या वेळी कानात कापूस घालून बसले. मला भीती वाटते गं. तू काय लिहिलंस ते तरी सांग, नाही तर यांना विचार. माझ्याशी बोलत नाहीत, तुझ्याशी बोलतील.

मामी


२ एप्रिल

चि. फुटपट्टीस,

तुझी छोटी चिठ्ठी आली, "मामा, मी काय दुखावलं?" एवढीच. तू काही दुखावलं नाहीस. आता अक्षर मला जमत नाही, म्हणून मी सांगतो आहे आणि मामी लिहिते आहे.

(मी जसं सांगतील तसं लिहिणार आहे, असं माझ्याकडून वदवून घेतलंय. मामी)

तो मूर्ख मीच.

सहज विचारलं असं लिहिलं होतं ना त्या खोलीबद्दल? चोराच्या मनात चांदणं.

धाकटीला ताप आला होता. तीन आठवडे उतरेना. त्यात पाऊस लागला, दिवसरात्र. तिच्या पलंगाच्या वर ती पन्हळ. पाणी पत्र्यावर इतकं वाजायचं की पोरगी दचकून उठायची, कान झाकून रडायची. खाली हलवावं तर डॉक्टर हलवू देईनात. बाईसाहेब फार बोलायच्या नाहीत. कामाचं काही असलं की निळ्या पेन्सिलीने चिठ्ठी लिहून पाठवायच्या, आम्ही सगळे त्या निळ्या अक्षराला घाबरायचो. पण त्या दिवशी स्वतः आवारातल्या माझ्या कारखान्यात आल्या, भिजत. म्हणाल्या, "तो आवाज बंद करा. कसाही करा."

मला माहीत होतं की पन्हळीत काही घालू नये. पण पाच-सहा दिवसांचा प्रश्न होता. कांबळं पसरलं तर पाणी त्यातून मुकाट झिरपत जाईल, ते वाहून जाऊ नये म्हणून वर फळ्या. आणि एका फळीच्या खालच्या बाजूला लिहिलं, "पाऊस थांबला की काढणे." ठोकून खाली आलो तेव्हा दुपार होती. पोरगी झोपली होती. बाईसाहेबांनी माझ्याकडे बघून दोन्ही हात जोडले. मालकिणीने सुताराला.

नवव्या दिवशी ती गेली. पाऊस त्यानंतर चार दिवसांनी थांबला.

मी हातोडा घेऊन वर गेलो. माळ्याची शिडी त्या खोलीतूनच होती. दार आतून लावलेलं, बाईसाहेब आत. मी दाराबाहेर उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. जिची मुलगी गेली आहे तिला "माझी फळी काढायची आहे" असं कुठल्या तोंडाने सांगायचं? खाली आलो. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी गेलो. मग त्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. महिन्याने मी शहरात काम धरलं.

अकरा वर्षांनी तिथला माळी रस्त्यात भेटला. म्हणाला, पूर्वेकडचं छत गळायला लागलंय, बाईसाहेब पश्चिमेच्या दोन खोल्यांत राहतात, कुणाला दुरुस्ती करू देत नाहीत. मी घरी येऊन पत्र लिहिलं आणि फाडलं. मला वाटलं, त्या विचारतील, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?" मग त्याही गेल्या.

तीन फळ्या, बाळा. चार हात लांब. एका पत्राने काम झालं असतं.

अहवालात कारणाच्या रकान्यात "सुताराची चूक" असं स्पष्ट लिही. मूर्ख लिहिलंस तरी चालेल, ते आधीच लिहून झालंय तुझं.

मामा

(पन्नास वर्षं एका घरात राहून मला एक अक्षर सांगितलं नाही, आज भाचीला सांगतायत आणि लिहायला मीच. रागवावं की कवटाळावं ते कळत नाही. आधी जेवायला घालते. मामी)


८ एप्रिल

मामा,

तुमचं पत्र आल्यापासून सहा वेळा उत्तर लिहायला बसले. मी तुम्हाला मूर्ख म्हटलं. ते शब्द मी लिहिले आणि तुम्ही भिंगाखाली एकेक करून वाचलेत, हे डोळ्यांसमोरून जात नाही. मला माफ करा असं म्हणायचीही लाज वाटते.

अहवाल दिला आहे, पण कारणाचा रकाना रिकामा ठेवलाय. पाडायचं काम वीस तारखेला सुरू होईल. त्याच्या आत मी परत जाते आणि ती फळी काढून आणते. काढायची राहिली होती ना, मग निदान आपल्यापैकी कुणीतरी काढू दे.

जेवा. मामीसाठी तरी.

फुटपट्टी


१६ एप्रिल

मामा,

मामी, हे जरा सावकाश वाच.

काल गेले. राखणदाराने कोंबड्या हलवल्यात, मला म्हणाला, "तुमच्यामुळे आमचं घर गेलं." शिडी धरायला मात्र तोच आला.

फळ्या तीन होत्या. दोन हातात आल्या आल्या भुगा झाल्या. तिसरीचं एक टोक पन्हळीबाहेर कोरड्या वाशावर ठोकलेलं होतं, तिथे पाणी पोचलं नव्हतं. लाकूड तिथे अजून पिवळं आहे. मी पहारीने उचकटली आणि उलटी केली.

तुमचं अक्षर आहे, मामा. पुसटही झालेलं नाही. "पाऊस थांबला की काढणे."

आणि त्याच्या खाली, निळ्या पेन्सिलीने, बारीक, तिरकं: "काढू नये. असू दे तसंच."

मी शिडीवरच बसले. राखणदार खालून विचारत राहिला, काय झालं म्हणून.

त्यांना माहीत होतं. त्या वर गेल्या, त्यांनी तुमचं वाचलं आणि उत्तर लिहिलं. तुम्ही काढली नाहीत म्हणून ती फळी राहिली, असं नाही. त्यांना ती राहायला हवी होती. त्या खोलीवर पुन्हा ते पाणी वाजलेलं त्यांना नको होतं. बाकीचं घर गेलं तरी चालेल, असं ठरवलं असेल त्यांनी.

तुम्ही आता हे ओझं खाली ठेवा.

फुटपट्टी


२१ एप्रिल

चि. फुटपट्टीस,

(यांचे शब्द, माझं अक्षर. मामी)

तुझं मन मोठं आहे, ते मला माहीत आहे. पण आधी एकदा तुझ्यावर विश्वास ठेवला आणि कठडा हातातून निसटला.

निळ्या पेन्सिलीचं तुला मीच सांगितलं होतं. बाईसाहेबांचं अक्षर तू कधी पाहिलं नाहीस, आणि मला आता कुठलंच अक्षर दिसत नाही. परवापासून उजवा डोळाही गेला. म्हणजे तू म्हणशील ते खरं. म्हणूनच मला ते नको.

एक गोष्ट सांग. मी लिहिलेली बाजू खाली होती. फळी उचलल्याशिवाय तिथे कुणाला लिहिता येणार नाही, आणि उचललेली फळी परत ठोकावी लागते. मग ठोकणाऱ्याचे खिळे वेगळे असतील. माझे कसे होते ते मला पाठ आहे. दुसरे कसे आहेत ते मी तुला विचारतो. तुझ्या उत्तरावरून मला कळेल.

माहीत नसेल तर नाही म्हण. मी रागावणार नाही. आता रागवायचं वय गेलं.

मामा


२६ एप्रिल

मामा,

मी खिळ्यांकडे पाहिलंच नव्हतं. अक्षर दिसल्यावर पुढचं काही दिसलं नाही. तुमचं पत्र वाचून खाली धावले, फळी अजून गाडीच्या मागच्या कप्प्यात होती. पाहिलं. तुम्ही म्हणता तसं आहे, खिळे दोन तऱ्हांचे आहेत.

पण ते कसे आहेत हे मी लिहिणार नाही. माझ्या शब्दावर तुम्ही विसंबू नये हेच बरोबर. अक्षर असलेलं ते कोरडं टोक कापून या पार्सलात पाठवते आहे, खिळ्यांसकट. करवत मला धड चालवता येत नाही, कड वाकडी गेलीय, त्यावरून बोलणी खायला तयार आहे. हाताने बघा.

मोठं घर गेलं. मी लांब उभी होते. पूर्वेचा कोपरा आधी पाडला. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला, मग मागचं तळं फाटकातून सरळ दिसायला लागलं. राखणदार कोंबड्यांचा पिंजरा उचलून निघून गेला, निरोप न घेता.

फुटपट्टी


६ मे

अगं पोरी,

पार्सल पोचलं. सविस्तर लिहिते, कारण तू इथे असायला हवी होतीस.

हे खिडकीशी बसले होते. तुकडा मांडीवर दिला. आधी त्याचा वास घेतला. मग कापलेल्या कडेवरून बोट फिरवून म्हणाले, "करवत धरायला शिकवली होती हिला, सगळं मुसळ केरात." मला बरं वाटलं, म्हटलं, टोमणा मारतायत म्हणजे माणूस शुद्धीवर आहे.

मग बोटं खिळ्यांवर गेली. दोन लोखंडी, चपट्या डोक्याचे. "हे माझे." मग पुढे चार होते, गोल फुगीर डोक्याचे. पहिल्यावर बोट थांबलं ते हलेचना.

"पितळी आहेत ना?" मला विचारलं. मी नखाने खरवडून पाहिलं. पितळी होते.

म्हणाले, "हे धाकटीच्या खुर्चीचे. बैठकीचं चामडं मीच बसवलं होतं, कडेने बत्तीस खिळे. ती एकेकावर बोट ठेवून मोजायची आणि दर वेळी एकतीसच भरायचे. मी तिला कधी सांगितलं नाही की जिथून सुरू करते तो मोजायचा राहतो."

खुर्चीची बैठक एका बाजूने लोंबत होती, असं तू लिहिलं होतंस, हे यांना आठवलं. मी तुझं ते पत्र यांच्या खिशातून काढून त्यांना पुन्हा वाचून दाखवलं.

मग त्या चार खिळ्यांच्या भोवती बोट फिरवायला लागले. लाकडात खड्डे आहेत, वाटाण्याएवढे. मला आधी वाटलं वाळवी. म्हणाले, "हातोडा चुकल्याच्या खुणा आहेत. मोज." मी मोजल्या. सतरा. एक खिळा वाकून आडवा झाला होता, तसाच ठोकून बसवलाय. म्हणाले, "त्यांनी जन्मात हातोडा हातात धरला नव्हता गं. सतरा वेळा चुकल्या. बोटांवर किती बसले असतील." आणि मग रडले. पन्नास वर्षांत मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी जवळ बसून राहिले, दुसरं काय करणार?

नंतर म्हणाले, "मी दाराबाहेर उभा होतो तेव्हा त्या आत असतील किंवा वर असतील. एका दाराचं अंतर. मी विचारलं असतं तर त्यांनी नको म्हटलं असतं, आणि दोघंही मोकळे झालो असतो. मी माझ्या वाटणीचं विसरणार नाही. पण त्यांनी मला उत्तर लिहिलं होतं, एवढं कळलं."

मग कानावर ठेवायची ती जाडी पेन्सिल मागितली. हत्यारं दिली पण ती दिली नव्हती, उशीखाली होती. "त्यांची ओळ कुठे संपते तिथे माझं बोट ठेव," म्हणाले. ठेवलं. त्याच्या खाली चाचपडत दोन शब्द लिहिले. ओळ वर चढलीय, एक अक्षर दुसऱ्यावर बसलंय, पण वाचता येतं: "उत्तर मिळालं."

तुकडा खिडकीत ठेवलाय. तुझा कारणाचा रकाना अजून रिकामा असेल तर म्हणाले, रिकामाच राहू दे.

हे लिहिता लिहिता पाऊस आला. मी सवयीने खिडकी लावायला उठले, तर यांनी हात धरला. "असू दे," म्हणाले. "ऐकू येऊ दे." छपरावरून पाणी पन्हळीत पडतंय, भलताच आवाज होतोय, आणि हे मान वर करून बसलेत. मीही लिहिणं थांबवते आणि यांच्याजवळ जाऊन बसते.

मामी